मोतीला सर्व्हिस डॉग करता येईल का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. मला पॅनिक अटॅक येतात. डॉक्टरांच्या पत्रामुळे भाड्याच्या घरात मोती हा अडीच वर्षांचा लॅब्रडॉर ‘इमोशनल सपोर्ट डॉग’ (सोबतीने मनाला आधार देणारा कुत्रा) म्हणून माझ्याजवळ आहे. मला घाबरे झाले की तो मांडीवर डोके ठेवतो. त्याला दुकानात आणि विमानात नेण्यासाठी इंटरनेटवर मिळणारे ‘सर्व्हिस डॉग’चे प्रमाणपत्र घ्यावे का?

उत्तर : ते प्रमाणपत्र घेऊ नका, त्याला कायद्यात काहीही किंमत नाही. सर्व्हिस डॉग म्हणजे अपंग व्यक्तीच्या मदतीचे काम शिकवलेला कुत्रा; त्यासाठी अपंग व्यक्तींविषयीच्या 1990 च्या अमेरिकी कायद्याला नोंदणी लागत नाही आणि कुत्र्याला मालकाने स्वतः शिकवलेले चालते. मात्र तुमचा आजार दैनंदिन जगण्यात मोठा अडथळा आणणारा असला पाहिजे आणि त्या आजाराशी निगडित असे एखादे ठरावीक काम कुत्र्याला शिकवलेले असले पाहिजे. नुसत्या सोबतीने बरे वाटणे, ते कितीही खरे असले तरी, काम धरले जात नाही. दुकानातले कर्मचारी हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे का आणि त्याला कोणते काम शिकवले आहे, एवढेच विचारू शकतात. दुसऱ्या प्रश्नाचे तुमचे उत्तर आज तयार नाही.

ते तयार करता येईल, कारण मोतीची उपजत सवय उत्तम आहे. अटॅकच्या आधी तुमचा पाय हलू लागत असेल, तर शांत वेळी सोफ्यावर बसून मुद्दाम पाय हलवा, ‘टेक’ म्हणा, आणि त्याने छातीचा भार मांडीवर टाकताच खाऊ द्या. काही दिवसांनी पाय हलवून क्षणभर थांबा आणि मगच शब्द उच्चारा. शब्दाची वाट न पाहता तो येऊ लागला, की पायाचे हलणे हीच त्याची खूण झाली. हे घरात पक्के झाल्यावर अंगणात, मग शांत रस्त्यावर करून घ्या. रोज पाच-पाच मिनिटे पुरतात, पण महिनोन्‌महिने.

खरी कसोटी गर्दीत लागते. सांडलेला खाऊ, रडणारे मूल, दुसरा कुत्रा यांकडे दुर्लक्ष करून तो पायाशी पडून राहिला पाहिजे. ताब्यात न राहणाऱ्या कुत्र्याला दुकानदार बाहेर काढू शकतो. शिकाऊ कुत्र्याला हा केंद्रीय कायदा प्रवेश देत नाही, त्यासाठी राज्याचा नियम पाहावा लागतो. धार्मिक संस्थांनाही तो लागू नाही, म्हणून मंदिरातल्या गणेशोत्सवाला मोतीला न्यायचे असेल तर विश्वस्तांना आधी विचारा. विमान कंपन्यांना जानेवारी 2021 पासून इमोशनल सपोर्ट डॉगला सर्व्हिस डॉग मानण्याचे बंधन उरलेले नाही. शिकवलेल्या कुत्र्यासाठी कंपन्या अमेरिकी परिवहन खात्याचा अर्ज मागू शकतात, आणि त्यावर तुम्हाला स्वतःच्या सहीने हमी द्यावी लागते.

गर्दीत मोती शेपूट पायांत घालून धापा टाकू लागला, तर कृपया त्याला ओढत नेऊ नका. त्याचा तो त्रास खरा आहे, आणि घरातली त्याची जागा डॉक्टरांच्या पत्रावर आहे तशीच राहील.