बिलातला सर्व्हिस चार्ज

प्रश्न : म्हापशाला घरची सगळी मंडळी जेवायला गेलो. फिश थाळी यायला तास लागला, सुक्या मासळीचं किसमूर तर विसरलेच. वर बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज! मालक म्हणाले, "सगळीकडे घेतात." द्यायलाच हवा का?

उत्तर : मुळीच नाही, ताई. परस्पर बिलात तो लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच बजावलंय. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. जीएसटी वेगळा, तो भरावाच लागतो. आधी चार्ज काढायला सांगा. नाही ऐकलं तर बिलाचा फोटो ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. कराच.

उशिराचं मला जास्त लागलं. फोंड्याला माझी खाणावळ होती. रविवारी गर्दीत हुमण (माशांची आमटी) संपलं, की मी स्वतः टेबलापाशी जाऊन सांगायचे आणि ताटकळलेल्या पोरांपुढे आधी सोलकढी ठेवायचे. एवढं तर करायलाच हवं ना! वाढणाऱ्या मुलावर मात्र राग काढू नका. उशीर बहुतेक वेळा आत चुलीपाशी होतो. त्याने आपुलकीने वाढलं असेल, तर टीप त्याच्या हातातच द्या.