गॅसवरचा फ्रिज आणि शिवसागराचा पलीकडचा काठ

प्रश्न : मुंबईतील नोकरीतून निवृत्त होऊन आम्ही दोघे पतिपत्नी कांदाटी खोऱ्यातील वडिलोपार्जित घरी कायमचे राहावयास आलो आहोत. आमचे घर मूळ गावापासून दूर, एकाकी वस्तीवर असल्याने तेथे विजेची तार पोचलेली नाही. दिव्यांपुरता सौर संच आहे. दूध, भाजी आणि आठवड्याला एकदा तापोळ्याहून येणारे सामान टिकावे म्हणून गॅसवर चालणारा फ्रिज घ्यावा असा विचार आहे. कोणता घ्यावा, किती लिटरचा घ्यावा आणि घरगुती सिलिंडरवर तो चालेल काय?
– एक वाचक, महाबळेश्वर तालुका

उत्तर : कोयना धरणाच्या ज्या शिवसागर जलाशयाच्या पाण्यावर कोयनेची वीजकेंद्रे चालतात, त्याच पाण्याच्या पलीकडच्या काठावरून हा प्रश्न यावा, याची नोंद करून मूळ विषयाकडे वळतो.

ज्योत लावल्यावर थंडावा कसा निर्माण होतो, हे आधी समजून घेतले तर खरेदीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. मागच्या बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात. खालच्या ज्योतीने अमोनियाचे पाण्यातील द्रावण तापते, अमोनियाची वाफ वेगळी होऊन वर चढते, मागच्या पंख्यांसारख्या पट्ट्यांतून बाहेरच्या हवेला उष्णता देऊन ती द्रवरूप होते, आणि मग फ्रिजच्या आतल्या भागात हायड्रोजनच्या सान्निध्यात तिचे पुन्हा बाष्पीभवन होताना ती आतली उष्णता शोषून घेते. शेवटी हा अमोनिया पुन्हा पाण्यात विरघळतो आणि चक्र पूर्ण होते. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधील दोन विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये ही रचना सिद्ध केली आणि आजही तत्त्व तेच आहे. हलणारा एकही भाग नसल्याने हा फ्रिज आवाज करीत नाही आणि नीट ठेवल्यास वर्षानुवर्षे चालतो. मात्र नळ्यांतील द्रव केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहत असल्यामुळे फ्रिज समतल असणे ही त्याची पहिली अट आहे. आपल्याकडील कौलारू घरात जमीन सारवलेली असेल तर ती डोळ्यांना सपाट दिसली तरी तशी नसते. म्हणून गवंड्याकडून सिमेंटचा लहान कट्टा करून घ्यावा आणि फ्रिज बसविल्यावर, बाहेर नव्हे तर बर्फाच्या कप्प्याच्या तळावर, दोन्ही दिशांनी पाणसळ लावून पाहावी. तिरका ठेवलेला फ्रिज काही दिवस कमी थंड होतो आणि पुढे त्याचा तापणारा भाग कायमचा निकामी होऊ शकतो.

आता खर्चाचा मुद्दा. सुमारे 200 लिटरचा गॅसचा फ्रिज दिवसाला साधारण 300 ते 400 ग्रॅम गॅस जाळतो. 350 ग्रॅम धरले तर त्यातून जवळपास साडेचार युनिट इतकी उष्णता खर्ची पडते, तर तेवढेच काम विजेवरचा चांगला लहान फ्रिज अर्ध्या युनिटात करतो. म्हणजे हे यंत्र मुळातच खादाड आहे. उपयोग आहे तो एवढाच की सिलिंडरला उन्हाची गरज नसते. जून ते सप्टेंबर हे 122 दिवस धरले तर गॅस सुमारे 43 किलो लागेल, म्हणजे 19 किलोचे दोन सिलिंडर आणि वर पाच किलोचा एक. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेला असतो, तो फ्रिजला जोडणे नियमाला धरून नाही, म्हणून 19 किलोचा व्यावसायिक किंवा पाच किलोचा खुल्या विक्रीचा सिलिंडर घ्यावा.

माझ्या मते आपल्या बाबतीत खरा प्रश्न फ्रिजचा नसून सिलिंडर वाहून आणण्याचा आहे. घरगुती भरलेल्या सिलिंडरचेच वजन टाकीसह 30 किलोच्या आसपास भरते, 19 किलोचा तर त्याहूनही जड. तो बाजारपेठेतून धक्क्यापर्यंत, धक्क्यावरून पलीकडच्या काठावर आणि काठावरून चढावर घरापर्यंत कोण आणणार, आणि आषाढात पाणी उसळलेले असताना कधी आणणार, हे ठरल्याशिवाय लिटरचा विचार करू नये. प्रवाशांनी भरलेल्या लाँचमध्ये तो आणू नये हे वेगळे सांगावयास नको. मेअखेरीस चार महिन्यांची बेगमी करणार असाल, तर ती घराबाहेर, सावलीत, सिलिंडर उभे ठेवून आणि कुलूपबंद जाळीत ठेवावी.

त्यामुळे माझा सल्ला थोडा वेगळा आहे. आपण सौर संच आधीच लावलेला आहे, तोच वाढवून बारा किंवा चोवीस व्होल्टवर थेट चालणारा कॉम्प्रेसरचा लहान फ्रिज घ्यावा. शंभर लिटरच्या आतला असा फ्रिज दिवसाला सुमारे अर्धे युनिट घेतो. आक्षेप येईल तो पावसाळ्याचा, आणि तो रास्त आहे, कारण महाबळेश्वरच्या पट्ट्यात झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. परंतु लोक येथे बॅटऱ्या वाढवितात ते चुकते, वाढवावीत ती पॅनेल. एक किलोवॅटची पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिट देतात. दाट ढगांत त्याचा दहावा भाग मिळाला तरी 0.4 युनिट होतात, म्हणजे फ्रिजची जवळपास ऐंशी टक्के गरज भागते. उरलेली तूट 150 अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, त्यांची निम्मी क्षमताच वापरायची असे धरूनही, बरेच दिवस सांभाळतात. एवढे करूनही श्रावणातले आठ दिवस गेलेच, तर त्या आठ दिवसांत दूध दोनदा तापवावे लागेल, इतकेच.

तरीही गॅसचाच घ्यावयाचा असे ठरले, तर पुढील गोष्टी पाहाव्यात. फ्रिजमागच्या पाटीवर गॅसचा दाब 28 ते 30 मिलिबार लिहिलेला असावा, कारण आपला घरगुती रेग्युलेटर साधारण तेवढाच दाब देतो. परदेशातून आलेला आणि निव्वळ प्रोपेनसाठी जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारे बारीक छिद्र) बसविलेला फ्रिज असेल तर सावध राहावे. आपला एलपीजी हा ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असल्याने ज्योत पिवळी पडून काजळी धरू शकते. ज्योत विझताच गॅस बंद करणारी थर्मोकपलची सोय असलीच पाहिजे, घाटातला वारा ज्योत कधी विझवील याचा भरवसा नाही. एक जादा थर्मोकपल आणि एक जादा जेट खरेदीच्या वेळीच मागून घ्यावे, कारण सातारच्या बाजारात ते हाताशी मिळतील असे समजू नये. घर काही महिने बंद राहिले असेल तर बर्नर पेटविण्यापूर्वी त्यात कोळ्याचे जाळे किंवा कुंभारमाशीचे मातीचे घर तर नाही ना, हे ब्रशने साफ करून पाहावे.

एका गोष्टीत मात्र कसूर नको. आपल्या भागात झड आत येऊ नये म्हणून पडवी ताडपत्रीने बंद करतात आणि तिथेच फ्रिज ठेवण्याचा मोह होतो. ज्योत चोवीस तास जळणार असल्याने कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, ज्याला ना वास असतो ना रंग. अमेरिकेत 1933 ते 1957 या काळात तयार झालेल्या सर्व्हेल कंपनीच्या गॅस-फ्रिजांमुळे याच वायूने बळी घेतले आणि तेथील ग्राहक सुरक्षा यंत्रणेला ते वापरू नका अशी सूचना पुढे अनेक वर्षांनी द्यावी लागली. म्हणून फ्रिज निजण्याच्या खोलीत ठेवू नये आणि धूर बाहेर नेणारी नळी व फ्रिजमागची हवा मोकळी ठेवावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो, तेव्हा हवेची झडप भिंतीच्या तळाशीही असावी. ज्योत निळी आणि स्थिर असावी, पिवळी दिसली तर फ्रिज बंद करावा.

आणखी एक गैरसमज दूर करतो. गॅस, घरची वीज आणि बारा व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारे फ्रिज मिळतात, आणि दिवसा सौर व रात्री गॅस असे करता येईल असे विक्रेते सांगतात. बारा व्होल्टवर त्यात केवळ एक तापविणारी तार असते. ती 120 वॅट सतत घेत असेल तर दिवसाला जवळपास तीन युनिट लागतात. आपली दिव्यांपुरती बॅटरी त्यापुढे टिकणार नाही.

प्रश्न : जत तालुक्यातील माळावर आमची वस्ती आहे. वडिलांना इन्सुलिन लागते. गॅसवरचा लहान फ्रिज चालेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्याकडे ऊन भरपूर आहे आणि उन्हाळ्याच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. नेमके याच उष्णतेत गॅसचा फ्रिज कमी पडतो, कारण त्याच्या मागच्या पट्ट्यांना उष्णता टाकावयास थंड हवा हवी असते. पाटीवरील हवामान-वर्ग पाहिला तर साधा वर्ग 32 अंशांपर्यंतच्या हवेसाठी, तर उष्ण कटिबंधाचा वर्ग 43 अंशांपर्यंतसाठी असतो. आपल्याला दुसराच लागेल. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते आणि ते गोठले तर फेकावे लागते. गॅसच्या फ्रिजचे नियंत्रण ढोबळ असल्याने बर्फाच्या कप्प्यालगत औषध ठेवू नये आणि आत एक थर्मामीटर ठेवून तो रोज वाचावा. माझ्या दृष्टीने आपण सौर संचावर थेट चालणारा लहान फ्रिजच घ्यावा. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, पण 25 ते 30 अंशांच्या वर नको अशी अट माहितीपत्रकात असते. ती अट आपल्या घरात एप्रिलमध्ये पाळली जाणार नाही, तेव्हा किती दिवसांचा साठा घरी ठेवावा हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

भाजीसाठी मात्र फ्रिजची गरजच नाही. विटांच्या दोन भिंतींमधल्या वाळूवर रोज पाणी मारून केलेला शीतकक्ष, जो दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने प्रचारात आणला, तो जतच्या कोरड्या हवेत उत्तम काम देतो. कांदाटीच्या दमट पावसात तो निरुपयोगी आहे.

प्रश्न : एका ओळखीच्यांकडे जुना गॅसचा फ्रिज स्वस्तात मिळत आहे. त्याच्या मागच्या बाजूला उग्र वास येतो आणि पिवळसर भुकटी दिसते. दुरुस्त होईल का?
– एक वाचक, पाटण

उत्तर : होणार नाही. तो वास अमोनियाचा आहे आणि पिवळी भुकटी ही नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेल्या क्रोमेटची आहे, जी विषारी असते. नळी एकदा फुटली की त्यात हायड्रोजन व अमोनिया पुन्हा दाबाने भरण्याची सोय गावपातळीवर नसते आणि कोणी वेल्डिंग करून देतो म्हटले तरी ते धोक्याचे आहे. भुकटीला हात लावू नये, फ्रिज मोकळ्या हवेत ठेवावा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. फुकट मिळत असला तरी घेऊ नये. आधीच घरी आणला असेल तर भंगारवाल्याला देताना नळीत अमोनिया आहे हे त्याला स्पष्ट सांगावे, नाहीतर तो ती कापावयास घेईल.