उबुंटूवर स्क्विड या प्रॉक्सी सर्व्हरची कॅशे (वेब पानांचा साठा) दुसऱ्या डिस्कवर हलवली, आता 'परमिशन डिनाइड' येतंय. मालकी कोणाच्या नावे हवी?

नव्या कॅशे फोल्डरची मालकी आतल्या सगळ्या फाइल्ससकट 'प्रॉक्सी' युजर आणि 'प्रॉक्सी' ग्रुपच्या नावे करा आणि परवानगी ७५० (मालकाला सगळं, ग्रुपला वाचणं आणि आत शिरणं, इतरांना काहीच नाही) ठेवा. कारण स्क्विड रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून सुरू होतो, पण लगेच रूटचे अधिकार सोडून कॉन्फिगमधल्या 'कॅशे इफेक्टिव्ह युजर' (cache_effective_user) या ओळीत दिलेल्या युजरच्या नावाने चालतो. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये ते नाव 'प्रॉक्सी' आहे, रेड हॅट, फेडोरावर 'स्क्विड'. हे स्क्विडच्या कॉन्फिग फाइलमधल्या टिपांतच दिलंय.

एवढ्यानं भागलं नाही, तर कॅशे फोल्डर ज्या-ज्या फोल्डरांच्या आत आहे, त्या प्रत्येकावर 'प्रॉक्सी'ला आत शिरण्याची, म्हणजे एक्झिक्यूटची परवानगी आहे का बघा. बहुतेक वेळा घोडं तिथेच अडतं. कृपा करून ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊ नका, मशीनवरचा कुणीही कॅशेत ढवळाढवळ करू शकेल.

मात्र कॉन्फिगमधली 'कॅशे इफेक्टिव्ह ग्रुप' (cache_effective_group) ही ओळ उगाच भरू नका. ती भरली की त्या युजरचे बाकीचे ग्रुप धरलेच जात नाहीत, आणि विनबाइंडमधून (विंडोज डोमेनचे युजर लिनक्सवर ओळखणारी सेवा) लॉगिन तपासत असाल तर ते बंद पडेल.