वाचकांचे प्रश्न : मुरमाड रानात कोणता हरभरा?

प्रश्न : पाटोदा तालुक्यात (जि. बीड) माझं दोन एकर मुरमाड रान आहे. पाणी नाही, हरभरा नुसत्या ओलीवर घेतो. ऐन घाटे भरताना वाळतो. खालच्या अंगाला चुलतभावाचं काळं रान आहे. त्याचा हरभरा, बियाणं तेच असून, बरा येतो. दुष्काळ सोसणारं जनुक घातलेला हरभरा आलाय म्हणतात. तो पेरू का?

उत्तर : आधी पहारीनं खड्डा घ्या आणि मुरूम किती खोलावर लागतो ते बघा.

तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या संग्रहात आयसीसी ४९५८ नावाचा हरभरा आहे. त्याच्या मुळ्या दांडग्या आणि खोल. या गुणाचा बराचसा भाग चौथ्या गुणसूत्राच्या एका तुकड्यात सापडला. तो तुकडा संकर करून पुसा ३७२ या हरभऱ्याच्या वाणात आणला आणि २०१९ मध्ये पुसा १०२१६ हे वाण आलं. बीटी कपाशीसारखं बाहेरचं जनुक त्यात नाही. हरभऱ्याचाच हरभऱ्याशी संकर, फक्त रोपं निवडताना, तो तुकडा आलाय का ते सांगणाऱ्या जनुकीय खुणा तपासल्या.

पण खोल मूळ खालची ओल शोधतं. तुमच्याकडं हातभरावर मुरूम असेल तर ते जाणार कुठं? बियाणं एकच असून दोघांचं पीक वेगळं येतं, तेव्हा फरक मातीचा आहे. (तुरीबद्दल मी इतक्या खात्रीनं बोललो नसतो. तिथं मधमाश्या परागीभवनात भेसळ करतात. हरभरा स्वतःच्याच परागावर धरतो, म्हणून बियाणं तेच राहतं.)

तुमच्या रानाला ओल संपायच्या आत उरकणारा हरभरा हवा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'विजय' जिरायतीत ८५ ते ९० दिवसांत काढणीला येतो. घटस्थापनेच्या सुमारास पेरणी उरका. लवकर येणाऱ्या वाणाला भरल्या पावसाच्या वर्षी उतारा थोडा कमी पडतो, ते धरून चाला.

आणखी एक. सगळं रान वाळतं की मधेमधे झाडं जातात? मधेच जात असतील तर खोड उभं चिरा. आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर तो मर रोग. तिथं दुष्काळाच्या जनुकाचा उपयोग नाही, मर सोसणारं वाण लागेल. विजय त्यालाही बऱ्यापैकी तोंड देतो.

पुसा १०२१६ चे चार तास (ओळी) चुलतभावाच्या काळ्या रानात पेरून बघायला मात्र हरकत नाही.