सातच्या सुमाराची तलफ: वाचकांचे प्रश्न, मानसोपचार डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : मी पतसंस्थेत वसुलीला आहे. दिवसभर गावोगाव शिव्या खातो. रात्री थोडी घेतल्याशिवाय झोप येत नाही. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून दवाखान्यात सांगायची भीती वाटते. (आरमोरी, जि. गडचिरोली)

भाऊ, गडचिरोलीत बंदी १९९३ पासून आहे, पण डॉक्टर म्हणजे पोलीस नव्हे. तुम्ही सांगाल ते खोलीबाहेर जात नाही, बिनधास्त सांगा.

आता झोपेचं. दारूनं डोळा लवकर लागतो हे खरं. पण ती अंगातून उतरू लागली की उत्तररात्री झोप मोडते. तीन वाजता छाती धडधडत जाग येते आणि वसुलीची तीच नावं डोळ्यांपुढे नाचतात. म्हणजे ताण गेलेला नसतो, रात्री तीनवर ढकललेला असतो.

सातच्या सुमाराला तुम्ही उपाशी असता का, ते आधी बघा. भुकेल्या पोटी तलफ जोरात येते. दुपारचा डबा चुकवू नका, गाडीच्या डिक्कीत फुटाणे ठेवा, परतीचा रस्ता बदला. तलफ बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ एकटे राहू नका. उद्या ज्यांच्या दारात जायचं ती नावं संध्याकाळीच कागदावर लिहून वही मिटा. आणि शिव्यांचं गाऱ्हाणं व्यवस्थापकाकडे नक्की न्या. ते ओझं तुम्ही एकट्यानं का वाहायचं?

मात्र सकाळी हात थरथरत असतील, तर पुढचं उत्तर आधी वाचा.

प्रश्न : वीस वर्षं रोज पितो. यंदा वेचणीला मजूर नाही, डोक्यावर कर्ज. रागानं एकदम सोडली. दुसऱ्या दिवशी हात कापले, घाम फुटला, आता कोपऱ्यात माणसं दिसतात. घरचे म्हणतात बाहेरची बाधा. (घाटंजी, जि. यवतमाळ)

यांना फोन करून त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवलं. इथे लिहितोय ते इतरांसाठी.

ही बाधा नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर काही तासांतच कापरं सुटतं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास आणि भ्रम. यात माणूस दगावतो. अंगाऱ्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. गावात नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घ्यायची पद्धत आहे. अशा रुग्णाला आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं. डॉक्टरांना पिण्याचं खरं प्रमाण सांगा. त्यांच्या देखरेखीखाली औषधं घेत सोडली की हाच त्रास आटोक्यात राहतो. सोडायचा निर्णय तुमचा अगदी बरोबर होता, पद्धत तेवढी चुकली.

प्रश्न : नवऱ्याला न सांगता भाजीत औषध मिसळू का? (आर्वी, जि. वर्धा)

नको, ताई. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. ते माहिती आणि संमतीनंच द्यायचं. जाहिरातीतल्या पुड्यांत काय असतं ते तर कुणी लिहितही नाही. नवरा यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या समुपदेशकाकडे जा. १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत मोफत बोलता येतं. तुमचीही झोप उडाली असेलच, तीही सांगा.

प्रश्न : चार महिने झाले, थेंब नाही. पोळ्याच्या करीला मित्र सोडणार नाहीत. (दारव्हा, जि. यवतमाळ)

शाब्बास! ‘फक्त एक’ म्हणून सुरुवात करू नका, आणि कारणंही देत बसू नका. ‘सोडली’ एवढंच सांगा. बैल पूजून झाले की पोळ्याच्याच रात्री बहिणीच्या गावी निघा, कर तिथेच करा.