डबल आयपीए ही कडक बिअर नुसती कडू लागते. चांगली की बिघडलेली, कसं ओळखायचं?
कडूपणा हा दोष नाही. या प्रकारात ६० ते १०० आयबीयू (कडूपणाचं माप) आणि ७.५ ते १० टक्के अल्कोहोल असतंच. बर्फगार पिऊ नका, वास दबतो. ८-१२ अंश बरे. फ्रीजबाहेर १० मिनिटं ठेवा (संभाजीनगरच्या मे महिन्यात ५ पुरेत). ग्लास अर्धाच भरा, फिरवा, आधी हुंगा. संत्र्याची साल, आंबा, चीडाचा डिंक असं काही यायला हवं. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजन लागलाय. उन्हाळ्यात तापलेल्या गोदामात हे लवकर होतं. लोण्याचा वास आला तर आंबवणं अर्धवट राहिलं असावं. कडवटपणा स्वच्छ ओसरावा, घशात खरखरत राहू नये. आणि चव घेताना ठेचा बाजूलाच ठेवा, तिखटाबरोबर अल्कोहोल जास्तच जाळतं.