जावास्क्रिप्टमध्ये तारीख एक दिवस मागे का दिसते?

पहाटे दोनला केलेली नोंद आदल्या दिवसाची दिसते, कारण टूआयएसओस्ट्रिंग ही तारखेचा मजकूर (स्ट्रिंग) बनवणारी मेथड नेहमी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देते. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे ५:३० पर्यंत तारीख चुकतेच. त्या स्ट्रिंगची पहिली दहा अक्षरं, म्हणजे तारखेचा भाग, कापून स्क्रीनवर कधीच दाखवू नका. साठवायला मात्र ती उत्तम.

दाखवण्यासाठी जावास्क्रिप्टमधलंच इंटल डेटटाइमफॉरमॅट वापरा: लोकेल (भाषा आणि प्रदेश) मराठी-भारत आणि टाइमझोन आशिया/कोलकाता, दोन्ही स्वतः द्या. टाइमझोन दिला नाही, तर कोड जिथे चालतो त्या मशीनचा धरला जातो. सर्व्हर बहुधा यूटीसीवरच असतो. मराठी लोकेलमध्ये आकडेही देवनागरीत येतात. इंग्रजी आकडे हवेत? नंबरिंगसिस्टिम हा पर्याय लॅटिन (latn) ठेवा. एवढ्यासाठी वेगळी लायब्ररी खरंच नको.